२ टीबीच्या पुढे रेकॉर्डिंग उडतं: सेक्टरच्या पत्त्यातला हरवलेला हातचा

सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमधली डिस्क नवी, ४ टीबीची. फॉरमॅट केली की सगळं सुरळीत. बारा-तेरा दिवस आठही कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग नीट होतं आणि मग एका पहाटे रेकॉर्डर म्हणतो, डिस्क ओळखता येत नाही, फॉरमॅट करा. फॉरमॅट केली की पुन्हा तेवढेच दिवस, पुन्हा तोच निरोप.

हा आजार मी पहिल्यांदा पाहिला तो एका बाजार समितीच्या आवारातल्या रेकॉर्डरवर. त्यातलं डिस्कवर लिहिणारं कर्नल मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्यात चालणारा कोड) सांभाळायचं काम तेव्हा नुकतंच माझ्याकडे आलं होतं. मी पोचेपर्यंत तिथे डिस्क दोनदा बदलून झाली होती, केबल बदलली होती, यूपीएससुद्धा बसवला होता. पावसाळ्यात लाइट जायची, त्यामुळे सगळ्यांचा संशय तिच्यावर होता. प्रत्येक फॉरमॅटबरोबर वजनकाट्यावरचं जवळजवळ दोन आठवड्यांचं चित्रण जात होतं, आणि मापाचा वाद झाला की शेतकऱ्याकडे दाखवायला तेवढा एकच पुरावा असतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय. रेकॉर्डर तुमचा असो, घरी जमवलेला एनएएस (नेटवर्कवरची साठवण पेटी) असो, नाहीतर स्वतः लिहिलेला ड्रायव्हर. दुखणं एकाच जातीचं असण्याची शक्यता खूप आहे.

सगळ्यात आधी: लिहिणं थांबवा

फॉरमॅटला 'हो' म्हणू नका. डिस्क काढा, दुसऱ्या मशीनला जोडा आणि फक्त वाचण्यापुरती उघडा. या प्रकारात बहुतेक डेटा जागेवर असतो. गेलेला असतो तो डिस्कचा अगदी सुरुवातीचा भाग, म्हणजे पार्टिशन तक्ता (डिस्कची वाटणी), सुपरब्लॉक (फाइलसिस्टिमची मुख्य नोंद), सूची (कुठलं चित्रण कुठे आहे ते). रेकॉर्डर चालू राहिला तर दर मिनिटाला पुढचा भाग पुसला जातो. जीपीटी या नव्या पद्धतीच्या पार्टिशन तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटच्या सेक्टरांमध्ये असते, ती वापरून जीडिस्क हा प्रोग्राम पहिली प्रत पुन्हा बांधतो. ४ केबी ब्लॉकची ईएक्सटी४ फाइलसिस्टिम असेल तर सुपरब्लॉकची पहिली राखीव प्रत ब्लॉक क्रमांक ३२७६८ वर, म्हणजे पार्टिशनच्या सुरुवातीपासून १२८ एमबीवर सापडते, आणि ई२एफएसके या दुरुस्तीच्या प्रोग्रामला तो क्रमांक सांगता येतो. पण हे सगळं डिस्कच्या प्रतीवर करा, मूळ डिस्कवर नाही.

दिवस मोजा

मला वाट सापडली ती लॉगमध्ये नाही, वहीत. वेगवेगळ्या ठिकाणच्या तक्रारी तारखांसकट लिहून काढल्या. जिथे आठ कॅमेरे तिथे बिघाड साधारण पावणेतेरा दिवसांनी. जिथे चार, तिथे साडेपंचवीस दिवसांनी. आणि जिथे २ टीबीची डिस्क, तिथे एकही तक्रार नाही, दोन-दोन वर्षं. लाइट जायची वेळ कॅमेऱ्यांच्या संख्येप्रमाणे कशी बदलेल?

प्रत्येक कॅमेरा २ मेगाबिट प्रतिसेकंद. आठ कॅमेऱ्यांचे १६ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला २० लाख बाइट. पावणेतेरा दिवसांचे साधारण ११ लाख सेकंद. गुणाकार केला तर २.२ टीबी. चार कॅमेऱ्यांचा हिशोब मांडला, तोही २.२ टीबी. या आकड्याला नाव आहे: २ चा ३२वा घात गुणिले ५१२ बाइट, म्हणजे २१,९९,०२,३२,५५,५५२. १०२४ च्या हिशोबाने बरोबर २ टीबी.

डिस्कचा पत्ता म्हणजे सेक्टरचा क्रमांक. एक सेक्टर ५१२ बाइटचा, आणि क्रमांक ३२ बिटांत लिहिला तर शेवटचा क्रमांक ४,२९,४९,६७,२९५. पुढच्या सेक्टरसाठी ३३वा बिट लागतो. शाळेतल्या बेरजेत ९९ मध्ये १ मिळवला की दोन शून्यं लिहून आपण एक हातचा घेतो. इथे दोन शून्यं लिहिली जातात आणि हातचा लिहायला घरच नसतं. उरतो सेक्टर शून्य. कोड तिथे बिनधास्त लिहितो, कारण सेक्टर शून्य हा अगदी वैध पत्ता आहे. डिस्क तक्रार करत नाही, कर्नल करत नाही, आणि लिहिलेलं परत वाचलं तर तेही बरोबर येतं, कारण वाचतानाही तोच हातचा हरवतो. म्हणून ही चूक इतकी उशिरा सापडते.

२ टीबीच्या डिस्कवर ३,९०,७०,२९,१६८ सेक्टर असतात. ते ३२ बिटांत मावतात, म्हणून ती ठिकाणं सुखरूप होती.

डिस्कचा आकार चुकीचा दिसत असेल तर

कित्येकांना मात्र बिघाडाच्याही आधी वेगळंच दिसतं: ३ टीबीची डिस्क ७४६ जीबी. हा आकडा इतका ठरलेला आहे की नुसता ऐकून निदान करता येतं. ३ टीबीच्या डिस्कवर ५,८६,०५,३३,१६८ सेक्टर. त्यातून ४,२९,४९,६७,२९६ वजा केले की उरतात १,५६,५५,६५,८७२. त्यांना ५१२ ने गुणलं की ८,०१,५६,९७,२६,४६४ बाइट, आणि १०२४ च्या हिशोबाने ते साडेसातशेच्या जरा खाली, ७४६ जीबी. ४ टीबीची असेल तर अशीच वजाबाकी होऊन १६७८ जीबी दिसतात. ६ टीबीतून हातचा दोनदा जातो आणि १४९३ उरतात. ८ टीबीतून तीनदा जातो, उरतात १३०८.

असा 'बाकी' उरलेला आकडा दिसला तर मधल्या कुठल्यातरी थरात, म्हणजे यूएसबी पेटीतल्या चिपमध्ये, जुन्या ड्रायव्हरमध्ये किंवा फर्मवेअरमध्ये, क्रमांक ३२ बिटांत कापला जातोय.

आकडा बरोबर २ टीबी दिसला तर गोष्ट वेगळी. तिथे कापाकापी नाही, अडवणूक आहे. एमबीआर या जुन्या पद्धतीच्या पार्टिशन तक्त्यात सुरुवात आणि लांबी ३२ बिटांतच लिहितात, त्यामुळे उरलेली जागा 'न वाटलेली' म्हणून पडून राहते. जीपीटी केली की प्रश्न मिटतो. किंवा स्कझी या, डिस्कशी बोलायच्या आज्ञांच्या पद्धतीतली, क्षमता विचारणारी जुनी, दहा बाइटी आज्ञा वापरली जातेय. डिस्क त्या उत्तरात मावत नसेल तर ती बत्तीसच्या बत्तीस बिट १ करून पाठवते. त्याचा अर्थ, 'मी यापेक्षा मोठी आहे, सोळा बाइटी आज्ञेने विचार.' लिनक्सचा एसडी हा डिस्कचा ड्रायव्हर हे ओळखून पुन्हा विचारतो आणि कर्नल लॉगमध्ये डिस्क फार मोठी असल्याची ओळही टाकतो. ज्याने हे ओळखलं नाही तो तेच उत्तर खरं मानतो.

आणि क्षमता शून्य दिसली तर? तीच आज्ञा. डिस्क सेक्टरांची संख्या सांगत नाही, शेवटच्या सेक्टरचा क्रमांक सांगते. संख्या काढायला त्यात १ मिळवायचा असतो. सगळे बिट १ असलेल्या ३२ बिटी आकड्यात १ मिळवला की शून्य.

खरा आकडा बघायचा तर डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग, बघा; तिथे सेक्टरांची संख्या आणि सेक्टरचा आकार दोन्ही एकाच ओळीत असतात. सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो तिथे, डिस्कच्या नावाखाली साइझ नावाची फाइल असते तीही बघा, पण लक्षात ठेवा की तिच्यातला आकडा नेहमी ५१२ बाइटांच्या एककात असतो, डिस्कचा सेक्टर ४०९६ चा असला तरी. यावर पुढे येतो.

आमच्या कोडमधली ओळ

आमचा रेकॉर्डर डिस्कचे ६४ एमबीचे तुकडे पाडतो. एक तुकडा म्हणजे १,३१,०७२ सेक्टर. तुकडा शून्यमध्ये पार्टिशन तक्ता आणि आमची सूची, पुढच्या तुकड्यांत चित्रण. लिहिण्याआधी तुकड्याचा क्रमांक १,३१,०७२ ने गुणून सुरुवातीचा सेक्टर काढायचा. ज्यात तो साठवायचा ते चल कर्नलच्या सेक्टर-टी टाइपचं, ६४ बिटी. कोड वाचणाऱ्याला उजव्या बाजूला गुणाकार दिसतो, डाव्या बाजूला ६४ बिटी घर दिसतं, आणि तो पुढे जातो. मीही दोनदा पुढे गेलो होतो.

पण सी भाषेत गुणाकार कुठल्या आकारात होणार हे डावीकडचं घर ठरवत नाही, गुणले जाणारे आकडे ठरवतात. दोन्ही आकडे ३२ बिटी, म्हणून गुणाकार ३२ बिटी. हातचा तिथेच जातो, आणि मग उरलेलं शून्य ६४ बिटांच्या मोठ्या घरात नेऊन ठेवलं जातं. ३२७६८ गुणिले १,३१,०७२ म्हणजे बरोबर २ चा ३२वा घात. तुकडा क्रमांक ३२७६८ थेट तुकडा शून्यवर, आमच्या सूचीवर. रेकॉर्डर तरीही चालत राहायचा, कारण सूची मेमरीत होती. पहाटेच्या ठरलेल्या रीस्टार्टला ती डिस्कवरून वाचायला गेला की 'डिस्क ओळखता येत नाही'.

जीसीसी हा कंपायलर नेहमीच्या इशाऱ्यांवर याबद्दल काहीच बोलत नाही. ६४ बिटांतून ३२ मध्ये कोंबलं तर कन्व्हर्जनचा इशारा देता येतो, पण इथे तर आपण लहानातून मोठ्यात जातोय, त्यामुळे तोही गप्प. बिनचिन्ही (अनसाइन्ड) आकड्यांचा असा फेरा सीच्या नियमांत बसतो, त्यामुळे यूबीसॅन ही कोड चालताना चुका पकडणारी सोयसुद्धा आपण होऊन हटकत नाही. क्लँग या दुसऱ्या कंपायलरमध्ये बिनचिन्ही ओव्हरफ्लोची वेगळी तपासणी चालू करावी लागते. सगळ्यात उपयोगी पडली ती कोड न चालवता तपासणारी क्लँग-टायडी: 'इम्प्लिसिट वाइडनिंग ऑफ मल्टिप्लिकेशन रिझल्ट' या नावाची तपासणी नेमकी हीच चूक शोधते. आमच्या मॉड्यूलवर चालवली तेव्हा अशा अकरा जागा निघाल्या. तक्रार आलेली होती फक्त एका जागेची.

दुरुस्तीनंतर परत आलेली चूक

पहिला पॅच मी घाईने दिला. त्या एका गुणाकारात आधी आकडा ६४ बिटी केला आणि मग गुणला. तेरा दिवस गेले, चौदावा गेला, डिस्क टिकली. विसाव्या दिवशी समितीतून फोन आला: कालची वेळ टाकली की भलत्याच दिवसाचं चित्रण येतंय. चित्रातल्या कोपऱ्यात कॅमेरा स्वतः जी तारीख छापतो ती पावणेतेरा दिवस जुनी होती.

चित्रण आता योग्य जागी लिहिलं जात होतं, पण सूचीत त्या जागेचा पत्ता नोंदवायला चारच बाइट होते. वरचा बिट नोंदवताना गळत होता, आणि वाचणारा प्रामाणिकपणे खालच्या पत्त्यावर जाऊन तिथलं चित्रण दाखवत होता. ही चूक मला पहिलीपेक्षा जास्त धोक्याची वाटते. रिकामी डिस्क निदान दिसते. चुकीच्या दिवसाचं चित्रण बरोबर वेळेच्या नावाखाली दिसलं तर एखाद्याचं नुकसान होऊन जाईल आणि कुणाला कळणारही नाही.

मग आणखी एक. आमचा प्रोसेसर ३२ बिटी एआरएम. तिथे ६४ बिटी आकड्याला साध्या चिन्हाने भागलं की कंपायलर मदतीसाठी एका ग्रंथालयातलं फंक्शन मागतो, आणि ते कर्नलमध्ये नसल्यामुळे लिंक होताना बांधणी अडते. त्यासाठी कर्नलने डू-डिव्ह, सेक्टर-डिव्ह असे मॅक्रो दिलेले आहेत. आमच्याकडे कुणीतरी पूर्वी बांधणी अडल्यावर सेक्टरच ३२ बिटी करून भागला होता. बांधणी पार पडली, चूक राहिली.

आणि लॉग. लॉगमध्ये सेक्टर छापताना ३२ बिटी रूप वापरलेलं. मी पहिल्या आठवड्यात लॉग वाचून ठरवलं होतं की पत्ता ठीक आहे, कारण छापलेला आकडा नेहमी मर्यादेच्या आतच दिसायचा. दुसरं काही दिसणं शक्यच नव्हतं.

तेव्हा ठरवलं की एकेक जागा शिवत बसायचं नाही. पत्ता कोडमध्ये ज्या रूपात वावरतो ते रूपच बदलायचं.

पत्त्याला स्वतःचा टाइप

मॉड्यूलमध्ये चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच साध्या पूर्णांकाच्या रूपात फिरत होत्या: ५१२ बाइटी सेक्टर, ६४ एमबीचा तुकडा, बाइटमधलं अंतर, आणि काही ठिकाणी ४ केबीचा ब्लॉक. फंक्शनला सेक्टर हवा असताना ब्लॉक दिला तरी कंपायलर मुकाट्याने घेत होता. टाइपडेफ केल्याने यात फरक पडत नाही. सीमध्ये टाइपडेफ हे टोपणनाव आहे, वेगळा टाइप नाही. सेक्टर-टी आणि ६४ बिटी बाइट-अंतर कंपायलरला एकसारखेच.

म्हणून प्रत्येकाला एकाच सदस्याचं स्ट्रक्ट केलं, कारण सीमध्ये प्रत्येक स्ट्रक्ट हा खरोखर वेगळा टाइप असतो. सेक्टरचं वेगळं, तुकड्याचं वेगळं, बाइटचं वेगळं. आता दोन वेगळ्या प्रकारांची बेरीज होऊच शकत नाही, तुकडा सेक्टरच्या जागी देता येत नाही, आणि चुकून गुणाकारही करता येत नाही. तुकड्यावरून सेक्टर काढणारं फंक्शन एकच, ते एका हेडरमध्ये, आणि गुणाकार फक्त तिथे. लिनक्स कर्नलमध्ये ही रीत जुनीच आहे: पेज टेबलच्या नोंदीचा पीटीई-टी (बहुतेक प्रोसेसरांवर) आणि वापरकर्त्याच्या ओळखीचा केयूआयडी-टी याच कारणासाठी स्ट्रक्टमध्ये बसवलेले आहेत.

३२ बिटी एआरएमवर एक खोच आहे. तिथल्या नियमाप्रमाणे चार बाइटांपेक्षा मोठं स्ट्रक्ट फंक्शनमधून परत येताना रजिस्टरमधून येत नाही, मेमरीतून येतं. म्हणून एका टाइपमधून दुसऱ्यात नेणारी सगळी छोटी फंक्शनं इनलाइन ठेवली, म्हणजे जिथे वापरली तिथेच उलगडणारी. मग तो फेरा उरत नाही.

बदल लावल्यावर पहिल्या बांधणीत दोनशेच्या वर चुका आल्या. तीन दिवस त्यातच गेले, पण प्रत्येक चूक म्हणजे कोडने विचारलेला प्रश्न होता: इथे तुला नक्की काय म्हणायचंय, सेक्टर की तुकडा? त्यातल्या दोन ठिकाणी खरोखरच ४ केबी ब्लॉकचा क्रमांक सेक्टर म्हणून वापरला होता, म्हणजे लिहिणं आठपट अलीकडे जात होतं. त्या जागा फक्त डिस्क तपासणीच्या वेळी चालायच्या, म्हणून कधी लक्षात आल्या नव्हत्या.

एक्सएफएस या फाइलसिस्टिमचा कोड वाचाल तर हीच काळजी नावांत दिसते. ५१२ बाइटी जागेसाठी वेगळा टाइप, फाइलसिस्टिमच्या ब्लॉकसाठी वेगळा, एका गटातल्या ब्लॉकसाठी वेगळा, आणि एकातून दुसऱ्यात नेणारे मॅक्रो ठरलेले. ईएक्सटी४ मध्येही डिस्कवरचा ब्लॉक आणि फाइलमधला ब्लॉक यांना दोन नावं आहेत. ती टोपणनावंच आहेत, कंपायलर अडवणार नाही, पण वाचणाऱ्याला निदान कळतं की हातात काय आहे.

मेमरीतलं रूप आणि डिस्कवरचं रूप

या दोन्हींची गल्लत आमच्या सूचीत झाली होती. मेमरीतला टाइप उद्या बदलता येतो, बांधणी केली की झालं. डिस्कवर लिहिलेले चार बाइट मात्र चारच राहतात.

युनिक्समध्ये हा प्रश्न पहिल्यापासून आहे. सहाव्या आवृत्तीत ब्लॉकचा क्रमांक १६ बिटांचा होता, म्हणजे ५१२ बाइटी ब्लॉक धरले तर ३२ एमबीवर फाइलसिस्टिम संपली. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत मेमरीत डीअ‍ॅडर-टी हा ब्लॉकच्या पत्त्याचा लाँग (३२ बिटी) टाइप आला, पण डिस्कवरच्या आयनोडमध्ये (फाइलच्या नोंदीत) जागा वाचवण्यासाठी प्रत्येक पत्ता तीन बाइटांत दाबून लिहीत. १३ पत्ते, ३९ बाइट. तीन बाइटांतून लाँग आणि लाँगमधून तीन बाइट करायला दोन खास फंक्शनं दिलेली होती. पत्ता कुठे रुंद आहे आणि कुठे अरुंद, आणि सीमेवर कोण उभं आहे, हे तिथे नावानिशी दिसतं.

युनिक्सच्या वंशातल्या फ्रीबीएसडीने जानेवारी २००३ मध्ये ५.० आवृत्तीबरोबर यूएफएस२ ही फाइलसिस्टिम आणली तेव्हा डीअ‍ॅडर-टी ६४ बिटी झाला. पण जुन्या यूएफएस१ डिस्कवरचे पत्ते ३२ बिटीच होते. त्यांनी दोन्हींसाठी नावात १ आणि २ असलेले स्वतंत्र टाइप ठेवले, म्हणजे डिस्कवरची रुंदी नावातच आली. ओपनबीएसडीने बराच काळ जुन्या टाइपशेजारी नवा ६४ बिटी टाइप ठेवला, कोड हळूहळू तिकडे नेला, आणि शेवटी मूळ टाइपच ६४ बिटी करून ते दुसरं नाव काढून टाकलं. त्यांच्या डिस्कलेबलमध्ये (त्यांच्या पार्टिशन तक्त्यात) जुन्या ३२ बिटी जागेला १६ बिटांची वेगळी 'वरची' जागा जोडलेली आहे. एकूण ४८ बिट, आणि ती मॅक्रोतूनच वाचायची.

लिनक्सवर ३२ बिटी मशीनसाठी ६४ बिटी सेक्टर-टी हा कित्येक वर्षं बांधणीच्या वेळी निवडायचा पर्याय होता. एकच कोड एकाकडे ३२ बिटी, दुसऱ्याकडे ६४. तो पर्याय २०१९ मध्ये ५.२ आवृत्तीत काढला आणि सेक्टर-टी सगळीकडे ६४ बिटी झाला. तुमचं ३२ बिटी उपकरण त्याआधीच्या कर्नलवर असेल तर आधी बांधणीच्या कॉन्फिगमध्ये एलबीडीएएफ हा पर्याय चालू आहे का ते बघा. बंद असेल तर तुमच्या कोडमध्ये काहीही केलंत तरी २ टीबीपुढे जाता येणार नाही.

आम्ही सूचीला आवृत्ती क्रमांक दिला. नवीन सूचीत पत्ता आठ बाइटांचा, बाइटांचा क्रमही ठरवून लिहिलेला. जुनी सूची फक्त वाचायची, आणि तिच्यातले पत्ते तुकड्यांच्या क्रमावरून पडताळायचे. जुन्या डिस्कवरचं चुकीच्या नावाखाली गेलेलं बरचसं चित्रण त्यामुळे परत योग्य तारखेला लावता आलं.

तपासायचं कसं

४ टीबी भरायला तेरा दिवस थांबायची गरज नाही. एक्सएफएसवर ५ टीबीची विरळ (स्पार्स) फाइल करा, तिच्यावर लूप डिव्हाइस बसवा, म्हणजे ती फाइल डिस्कसारखी वापरता येते. प्रत्यक्षात जागा लागते ती लिहिलेल्या सेक्टरांपुरतीच. मग सेक्टरमध्ये त्याचाच क्रमांक लिहा, पण फक्त कडेच्या सेक्टरांत: शून्य, १, ४,२९,४९,६७,२९५, त्याच्या पुढचे दोन, आणि शेवटचा. सगळे लिहून झाल्यावर, लगेच नाही, सगळे वाचा. शून्यात दुसरा क्रमांक सापडला की हातचा हरवलाय. लिहून लगेच वाचलंत तर चाचणी पास होईल आणि चूक तशीच राहील.

स्कझी-डीबग मॉड्यूलने मोठी डिस्क भासवता येते म्हणून बरेच जण ती घेतात. या कामाला ती चालणार नाही. तिच्यात आभासी आकार मोठा दिला तरी खरी साठवण लहान मेमरीत असते आणि पत्ते फिरून तिथेच येतात. आकार नीट वाचला जातो का एवढंच तिच्यावर तपासा.

बनावट पेनड्राइव्हही असंच फिरून स्वतःवर लिहितात. डिस्क संशयास्पद असेल तर एफ३ हा तपासणीचा प्रोग्राम चालवून आधी तो संशय काढून टाका.

डिस्क पेटीतून काढली आणि पार्टिशन गायब झालं

हा याच घरातला, पण उलटा प्रश्न. काही यूएसबी पेट्या ५१२ बाइटांच्या डिस्कला ४०९६ बाइटी सेक्टरांची म्हणून दाखवतात. कारण सरळ आहे: ३२ बिटी एमबीआरमध्येही मग १६ टीबी मावते. पण तीच डिस्क पेटीतून काढून थेट साटा जोडणीवर लावली की सेक्टर ५१२ चा होतो, पार्टिशन तक्त्यातला प्रत्येक क्रमांक आठपट अलीकडची जागा दाखवतो, आणि डिस्क रिकामी दिसते. जीपीटी असेल तर तिचं शीर्षक सेक्टर १ वर शोधलं जातं. ते बाइट ५१२ वर शोधलं जातं आणि असतं ४०९६ वर.

डेटाला काही झालेलं नसतं. नवीन पार्टिशन करू नका. डिस्क परत त्याच पेटीत घाला, किंवा लोसेटअप या आज्ञेला सेक्टरचा आकार ४०९६ सांगून तिच्यावर लूप डिव्हाइस बसवा, लिनक्स ४.१४ पासून हे जमतं. पार्टिशनं दिसायला लागतात.

१६ टीबी

३२ बिटी लिनक्सवर पुढची भिंत इथे आहे. सेक्टर-टी ६४ बिटी झाला तरी पेज कॅशमधला (डिस्कवरचा डेटा मेमरीत ठेवायच्या जागेतला) पानाचा क्रमांक मशीनच्या लाँगएवढाच, ३२ बिटी. पान ४ केबीचं, म्हणून १६ टीबी. ६४ बिटी पर्यायाशिवाय बनवलेली, ४ केबी ब्लॉकची ईएक्सटी४ सुद्धा तिथेच थांबते. १८ आणि २० टीबीच्या डिस्क आता दुकानात मिळतात, आणि कुणीतरी त्या आमच्या जुन्या रेकॉर्डरमध्ये लावणार हे धरून चाललोय. म्हणून डिस्क जोडली जाताना सेक्टरांची संख्या आधी तपासतो, आणि मर्यादेबाहेर असेल तर मॉड्यूल ती घेतच नाही; पडद्यावर डिस्कचा खरा आकार आणि चालणारा सर्वांत मोठा आकार, दोन्ही मराठीत छापतो.

बाजार समितीतल्या रेकॉर्डरवर शेवटचा पॅच लावल्यानंतर तुकडा क्रमांक ३२७६८ कधी लिहिला जाईल ते काढून ठेवलं होतं: मंगळवारी दुपारी, लिलाव चालू असताना. त्या वेळी मी तिथेच बसलो होतो. सेक्टर शून्य दर दहा सेकंदांनी वाचून बघत होतो. तो बदलला नाही.